दारातून गेलेली वायर

३ ऑक्टोबर

काल मी खोटं बोलले आणि ते पकडलं गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. कॉलेज सुटल्यापासून रोजनिशीला हात लावला नव्हता. पण जे कुणाला सांगता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं, नाहीतर तोंडावर दिसतं.

घडलं ते असं. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझा जन्म गेला. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाची तपासलेली पानं संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचायला हवी होती. पानं तयार होती. पाठवायला गेले तर नेट संपलेलं. दिवसभराचा सगळा डेटा कुणीतरी गिळून बसलं होतं. कुणीतरी कसलं, घरात माणसं दोनच, मी आणि हे.

छापखान्याच्या मालकांना मी फोनवर ठणकावून सांगितलं, "आमच्या भागात कंपनीची लाइनच बंद आहे."

ते म्हणाले, "बाई, मी तुमच्या मागच्याच गल्लीत राहतो. माझ्याकडेही तीच कंपनी आहे. चालू आहे व्यवस्थित."

पुढे एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणूस पाठवून पानं नेली. नवरा दार लावून मोबाइलवर काय करतो मला ठाऊक नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला त्याला दीड वर्ष झालं. हातपाय बरेच सुधारले, बोलणं नाही. शब्द डोक्यात असतो, तोंडातून भलताच बाहेर पडतो. हे मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, वीतभर चूक खपवून घेतली नाही. आता चपलेला कुलूप म्हणतात. दुपारी चार वाजले की मागच्या खोलीचं दार लावून घेतात आणि आतून एका बाईचा आवाज येतो.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांनी बजावलं होतं, "बोलतं ठेवा." मी ते काटेकोर पाळते. सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खिडकी."

"खिडकी नाही. चहा."

"खि..."

"चहा म्हणा, की मिळेल."

कप माझ्या हातात, वाफ दोघांच्या मध्ये. हे ओठ हलवत राहिले, मग आल्या पावली परत गेले. चहा मी ओतून टाकला. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं आज मोठमोठ्या छापखान्यांत आहेत. त्यांतल्या एकालाही मी चुका पोटात घालून शिकवलं नाही.

दुपारी पुन्हा दार बंद. आत ती बाई हसत होती. "वा! आता आणखी एकदा!" मला वाटलं, गाण्याची स्पर्धा असेल. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "पाणी. पाणी." हातातलं टाकून मी पेला भरून नेला. दार ढकललं तर ह्यांनी मोबाइल चटकन उशीखाली सारला आणि पेला असा परतवला की अर्धं पाणी माझ्या पायांवर. उशीखालून आवाज आला, "अहो, गेलात कुठे? रुसलात की काय?"

म्हणजे कार्यक्रम नव्हे. जिवंत बाई.

मी पेला उचलला आणि बाहेर आले. विचारलं नाही. काय विचारणार? आणि उत्तर तरी काय मिळणार, खिडकी?

ह्या वयात, ह्या अवस्थेत. मी फरशी दोनदा पुसली. शेजारची विचारेल, कोण पाहुणी आली होती हो? मग आणखी एक खोटं.

८ ऑक्टोबर

ह्यांचा मोबाइल घरच्या वायफायवर चालतो, ते तोडायचं ठरवून नेटच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने शिंगांसारखे अँटेना असलेला मोठा खोका पुढे केला. "हा घ्या, काकू. घरभर रेंज. दहा मोबाइल एका वेळी चालतात."

"मला एकही चालायला नको."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. मी समजावून सांगितलं, "साधी डबी द्या. एका बाजूला सिमकार्ड, दुसऱ्या बाजूला वायर, वायरीचं दुसरं टोक माझ्या संगणकात. मध्ये हवेत काही उडायला नको."

"मग ह्याचं वायफाय बंद करून देतो. सोपं आहे."

"जे बंद करता येतं ते चालूही करता येतं."

मग त्याने संगणकात थेट खुपसायची एक कांडी दाखवली. ती स्वस्त होती, पण आमच्या भिंती जाड आणि माझं टेबल घराच्या मधोमध. तिथे रेंज मरते. शेवटी तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि त्यावरची धूळ शर्टाला पुसली. पत्त्यांच्या जोडाएवढी काळी डबी. वर तीन दिवे, मागे वायरीचं एकच तोंड.

"हा मोडेम माणसं नेत नाहीत, काकू. यंत्रांना लावतात. वजनकाटा, पाण्याचा पंप, रस्त्यावरचा कॅमेरा. यंत्राने आपलं काम करावं, गप्पा मारू नयेत, त्यासाठी."

"मग हाच द्या."

"वायर लांब घ्या. डबी रेंज असेल तिथे ठेवा, तुम्ही काम असेल तिथे बसा."

जुनी वायफायची डबी त्याने मोडीत घेतली. घरी येताना बरं वाटलं. एक वायर, एक यंत्र, एक जबाबदार माणूस.

९ ऑक्टोबर

जुनं सिमकार्ड नव्या डबीत घातलं. बैठकीत तिसरा दिवा लाल. स्वयंपाकघरात लाल. मांजर पिल्लाला घेऊन हिंडते तशी ती डबी छातीशी धरून मी घरभर फिरले. हिरवा दिवा लागला तो फक्त मागच्या खोलीच्या खिडकीत. ह्यांच्या खोलीत.

तिथेच ठेवली. वायर खिडकीतून पलंगामागून दारातून बाहेर, भिंतीच्या कडेने माझ्या टेबलापर्यंत. दार आता पुरतं लागत नाही. चार बोटं फट राहते. चार वाजता ह्यांनी ते लावायचा प्रयत्न केला. मी टेबलावरून ओरडले, "अहो, वायर चिरडेल!" हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा ढकललं, मी पुन्हा ओरडले. मग हे बाहेर आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं.

"नेट नाही आता त्यावर," मी म्हणाले. "फोन बोलायला असतो."

हे माझ्याकडे बघत राहिले. मीच नजर वळवली. लाज त्यांना वाटायला हवी होती.

१४ ऑक्टोबर

घर सुरळीत चाललं आहे. पानं वेळेवर जातात. मालक म्हणाले, "बाई, लाइन सुधारली वाटतं?" त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. मी "हो" म्हणाले आणि लगेच फोन ठेवला.

हे शांत आहेत. चहा मागायला येत नाहीत, म्हणून मीच कप नेऊन ठेवते. खिडकीसुद्धा म्हणत नाहीत. दिवसभर पलंगावर बसून त्या हिरव्या दिव्याकडे बघत असतात. चुकीचं बोलण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला सांगितलं. मग ते खरं वाटेना, म्हणून इथे लिहिलं. इथेही वाटत नाही.

१७ ऑक्टोबर

नणंदबाई न कळवता उगवल्या. ही ह्यांची धाकटी बहीण. बोलण्यात माझ्या दहापट, विचार करण्यात मी त्यांच्या, असं मी मानत आले.

आत पाऊल टाकलं आणि वायरीला अडखळल्या. "अगं बाई! वहिनी, हा सापळा कुणासाठी? उंदीर झाले की काय?"

"नेटची वायर आहे. बघून चालावं माणसाने."

"तुमच्या घरात बघूनच चालतो हो आम्ही. बोलतोसुद्धा बघूनच." पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आणि दादाचं चारचं काय झालं? व्हिडिओ कॉल लागत नाही त्याचा."

"चारचं काय?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "काही नाही. माझी जीभ मेली आधीच लांब."

मग भावाच्या खोलीत जाऊन बसल्या. दार लागत नव्हतं, तर दाराला पाठ लावून बसल्या. कुजबुज चालली होती. म्हणजे नणंदबाईंनाही ठाऊक आहे ती बाई. भावाचे पराक्रम झाकणारी बहीण! निघताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका, पण मला तुमची भीती वाटते हो अजून. लग्न झालं माझं, नातवंडं झाली, तरी."

मी म्हणाले, "वाटायला हवी." गंमत म्हणून म्हणाले. त्या हसल्या नाहीत.

२१ ऑक्टोबर

पेन्शन कचेरीतून आठवण आली. वर्षातून एकदा ह्यांना तिथे हजर व्हावं लागतं. माणूस हयात आहे हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. फोन करून विचारलं, यातून सूट नाही का? तिकडून सांगितलं की ह्यांना बोलता आणि समजता येत नाही असा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, मग यापुढे सगळं तुमच्याच सहीने होईल.

जेवताना ह्यांना म्हणाले, "यंदापासून तुम्हाला कचेरीत यायला नको. तुमचा त्रास वाचेल."

ह्यांनी तळहात टेबलावर आपटला. वाटी उडाली. "नाही!"

स्वच्छ शब्द. कितीतरी दिवसांनी पहिला. मी म्हणाले, "बघा, मनात आणलं तर येतं की नीट." आणि सांडलेलं पुसून घेतलं.

२४ ऑक्टोबर

हे नीट लिहायचं आहे. खाडाखोड न करता.

दुपारी मी तो अर्ज टाइप करत होते. लिहिलं होतं: "सदर गृहस्थांना बोलता येत नाही व समजतही नाही." वाक्य वाचून पाहिलं. निर्दोष होतं.

दाराच्या फटीतून आवाज आला. टक. लाकडावर बोट आपटल्याचा. मग ह्यांचा आवाज. स्वतःचं नाव, तुकड्या-तुकड्यांत, पण पुरं. मी हात थांबवले. मोबाइल बंद होता, बाई नव्हती. एकटेच.

पुन्हा टक. "मो... मोज... मोजणीदार."

टक. पत्ता. घराचा क्रमांक चुकला, स्वतःच पकडला, पुन्हा म्हटला.

टक. ह्या वेळी खूप वेळ काहीच नाही. मग, "कळतं." थांबले. "मला... कळतं."

हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर, मला कळेना. मग कळलं.

गेल्या वर्षी कचेरीतल्या कारकुनाला प्रत्येक प्रश्नाआधी टेबलावर पेन आपटायची सवय होती. नाव, काम, पत्ता त्याने ह्यांना विचारलं आणि मीच भराभर सांगून टाकलं. शेवटी त्याने पेन आपटून ह्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना काही कळतं का हो?" मागे रांग होती. मला घाई होती. मी म्हणाले, "फारसं नाही."

हे माझ्या शेजारच्या खुर्चीत होते.

आत टक टक चालूच होतं. नाव, काम, पत्ता. कळतं. हे त्याच प्रश्नाचा अभ्यास करत होते, आणि मी बाहेर त्याचं जुनंच उत्तर टाइप करत होते. त्यांच्या खिडकीतल्या वायरीवरून ते पाठवणार होते.

अर्ज पुसला. टेबलाशीच बसून राहिले. आत जायचं धाडस झालं नाही.

२५ ऑक्टोबर

नणंदबाईंना फोन केला. म्हणाले, "चारची बाई कोण?"

"सांगू? ओरडणार नाही ना?"

"नाही."

"बोलायला शिकवणारी आहे हो. झटका आलेल्यांना शिकवते. मीच शोधली. रोज चित्रं दाखवते, शब्द म्हणून घेते. पाणी, चहा, दार. काय सुधारला होता दादा! मला फोनवर 'जेवलीस का' म्हणाला, मी रडले."

पाणी. मी पेला घेऊन गेले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

बराच वेळ त्या गप्प. त्यांना गप्प राहता येतं हे मला आजच कळलं. मग म्हणाल्या, "मी त्याला विचारलं होतं वहिनी, सांगू का वहिनीला? तर त्याने हवेत फुली मारली. तुम्ही कागदावर मारता ना, तश्शी."

हातातलं पेन मी टेबलावर ठेवलं.

"तुमच्यासमोर त्याचं तोंडच उघडत नाही हो. ती बाई चुकलं तर हसते आणि पुढे नेते. तुमच्याकडे चुकलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम, "पण मोबाइलवर बाईचे ओठ नीट दिसायचे नाहीत त्याला. मोठा पडदा हवा, ती म्हणत होती."

मोठा पडदा ह्या घरात एकच आहे.

२७ ऑक्टोबर

जुनी वायफायची डबी दुकानदाराने विकून टाकली आहे. नवी आणता येईल. पण मग हे पुन्हा त्या टीचभर पडद्याकडे डोळे बारीक करून बघणार. म्हणून संगणकच हलवला. टेबल सरकवताना शेजारच्या सुताराला हाताशी घेतलं. तो म्हणाला, "ताई, कामाचं टेबल आत? तुम्ही कुठे बसणार?" म्हटलं, "बाहेर."

दारातून गेलेली वायर आत ओढून घेतली. आता डबी खिडकीत आणि संगणक खिडकीशी, दोघांत हातभर अंतर. दार पुरतं लागतं.

ह्यांना सगळं सांगायचं ठरवून गेले होते. शब्द पाठ केले होते. दारात उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "इथे उजेड चांगला आहे, म्हणून ठेवतेय." हे माझ्याकडे बघत होते. शब्द डोक्यात असतो आणि तोंडातून भलताच बाहेर पडतो, म्हणजे काय होतं ते कळलं.

चार वाजता पासवर्ड घालून दिला. पडद्यावर केस पिकलेली, चष्म्याची एक बाई आली. माझ्याहून वयाने मोठी असेल. तिने नमस्कार केला. मी मान हलवली आणि बाहेर आले. मागे दार लागलं. ह्यांनीच लावलं.

मी बाहेर कागदावरची पानं तपासत बसले. छापखान्याच्या मालकांना कळवलं, चारनंतर तासभर मला पानं पाठवता येणार नाहीत. "लाइन पुन्हा बंद का, बाई?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नाही. आमचे यजमान बोलायला शिकतायत. नेट ते वापरतात. त्या दिवशीही लाइन चालू होती." ते म्हणाले, "बरं, बरं." त्यांना माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर

आता सकाळी कामाला बसायचं तर मला दार वाजवून आत जावं लागतं. हे "ये" म्हणतात. कधी "जा" म्हणतात आणि हाताने बोलावतात. मी जाते.

आज बंद दाराआडून "पाणी, पाणी" आलं. उठून पेला भरला, आणि उभ्याउभ्या मीच प्यायले.

१२ नोव्हेंबर

कचेरीत गेलो. तोच कारकून, तीच पेन आपटायची सवय.

"नाव?" त्याने माझ्याकडे बघून विचारलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

हे सुरू झाले. पहिला तुकडा आला, दुसरा अडला. मागची रांग खाकरली. एक जण म्हणाला, "अहो बाई, तुम्हीच सांगून टाका की."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हेही खोटंच. पण ह्याची लाज वाटली नाही.

नाव पुरं झालं. पत्ता झाला. "मोजणीदार" एका दमात आलं. कारकुनाने वर बघितलं. मग त्याने तयारीत नसलेला प्रश्न विचारला. "सोबत कोण आलंय?"

हे माझ्याकडे वळले. शब्द शोधताना त्यांचे ओठ हलत होते, ते मी सकाळच्या चहाच्या वेळी इतक्यांदा बघितलेत. जिभेवर उत्तर असूनही मी दात घट्ट मिटले.

"ही... माझी... बहीण."

कारकुनाने चष्मा वर केला. "बहीण?"

तो दुरुस्तीची वाट बघत होता. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी ढळढळीत चूक माझ्या नजरेखालून गेली नसेल.

"त्यांनी सांगितलं ते लिहा," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. खाली सोबत आलेल्या व्यक्तीची सही लागत होती. ती मी केली. वळणदार.

उठताना कुणी न विचारता हे कारकुनाला म्हणाले, "मला... कळतं."

"दिसतंय की, काका," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर पायऱ्या उतरताना मी ह्यांचा दंड धरला होता. ह्यांचे खांदे हलत होते. हसत होते, की दम लागला होता? चुकून म्हणाले, की विचार करून? नणंदबाई असत्या तर त्यांनी विचारलं असतं. मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ह्यांच्या ताब्यात दिलं ते: मोडेम, सिमकार्ड आतच. वायर, सगळी. संगणकाचा पासवर्ड, मोठ्या अक्षरांत लिहून. ह्यांनी जास्तीची वायर पंजावरून कोपराखालून गुंडाळून घेतली, पूर्वी मोजणीची साखळी घ्यायचे तशी. उरलेली लांबी डोळ्यांनी मापली आणि मान हलवली. मग म्हणाले, "खिडकी."

तोही दिला. गरम.